आमच्या गल्लीत पोटाची तपासणी आली तेव्हा

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं चटणी कांडपाचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि माझा मुलगा बघतो. होळी झाली की मे संपेपर्यंत मिरची कुटायचे डंक थांबत नाहीत. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी झणक्याला. बायका डबे घेऊन बाकड्यावर बसतात, नंबर येईपर्यंत घरादाराचं बोलतात, आणि त्या बोलण्यात एक शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर येतो. पित्त. डोकं उठलं की पित्त, छातीत जळजळलं की पित्त, जेवण जाईना की पित्त. मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत आले आणि सकाळी चहाआधी एक गोळी घेत आले.

माझ्या वडिलांना, आबांनासुद्धा आठ महिने पित्तच होतं.

आबा शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीत मोल्डर होते. बिडी ओढायचे, आणि रविवारी मटण नसेल तर ताटावरून उठायचे. 2008 च्या दिवाळीनंतर त्यांना दोन घास खाल्ले की पोट गच्च भरल्यासारखं व्हायला लागलं. रविवारचं मटणही नको म्हणायला लागले. मेडिकलमधून गोळ्या आणल्या. मग एका दवाखान्यात गेलो, तिथंही गोळ्याच मिळाल्या, जरा भारी. गोळीनं जळजळ थांबायची, म्हणून आम्हाला वाटायचं की गुण येतोय. आबांनी पँटच्या पट्ट्याला खिळा तापवून एक नवीन भोक पाडलं. दोन महिन्यांनी त्याच्या आत आणखी एक. शी काळी होते हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही, फाउंड्रीतल्या सोबत्याला तेवढं बोलले होते. तोंडातून नळीची दुर्बीण पोटात घातली तेव्हा जुलै उजाडला होता आणि गाठ जठरातून यकृतापर्यंत गेली होती. दसऱ्याच्या आधी आबा गेले. तो पट्टा अजून माझ्या कपाटात आहे.

गेल्या वर्षी जानेवारीत तालमीच्या फळ्यावर सूचना लागली. शहरातले पोटविकाराचे काही डॉक्टर, नर्सिंगच्या मुली आणि भागातल्या आशाताई मिळून चाळिशीपुढच्या प्रत्येकाची पोटाच्या कॅन्सरची जोखीम तपासणार होते. सभा तालमीतच झाली. लाल मातीच्या हौदाशेजारी सतरंज्या टाकल्या होत्या. मी दुकान मुलावर सोपवून पहिल्या रांगेत जाऊन बसले.

डॉक्टरबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, "आम्ही सगळ्यांच्या पोटात दुर्बीण घालायला आलेलो नाही." जपानात आणि दक्षिण कोरियात हा कॅन्सर फार, म्हणून तिथं सरकारच तपासणी करतं. कोरियात चाळिशीपासून दर दोन वर्षांनी. जपानात आधी बेरियम पाजून एक्स-रे काढायचे, 2016 पासून पन्नाशीपुढच्यांना दुर्बिणीचाही पर्याय दिला. आपल्याकडची सरकारी तपासणी तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची असते. पोट त्यात नाही, कारण देशाच्या बहुतेक भागात त्याचं प्रमाण तितकं नाही. मिझोराममध्ये मात्र ते देशात सर्वांत जास्त आहे. तिथं मांस धुरावर वाळवून ठेवतात, आणि तंबाखूचा धूर पाण्यातून काढून ते पाणी तोंडात धरतात. त्याला तुइबुर म्हणतात.

"मग आपण काय करायचं? आधी माणूस बघायचा, मग नळी," बाई म्हणाल्या. वय काय, घरात कुणाला होता का, तंबाखू आहे का, खाणं कसं आहे, जुना त्रास काय आहे, हे विचारायचं. त्यावरून ज्यांची जोखीम जास्त त्यांचं रक्त तपासायचं, आणि त्यातून ज्यांना गरज दिसेल त्यांनाच दुर्बीण. मला ही रीत पटली. आबांना कुणी एकदा जरी एवढे प्रश्न विचारले असते तर, हे माझ्या मनात तेव्हाच आलं.

मागून एकानं विचारलं, "मग चटणी, तांबडा रस्सा बंद करायचा काय?" सगळी तालीम माझ्याकडे बघायला लागली. बाई म्हणाल्या, "तिखटावर खापर फोडू नका. मीठ किती जातं ते बघा." जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते, म्हणजे साधारण एक लहान चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, खारवलेलं, सुकी मासळी सगळं आलं. जास्त मिठानं जठराचं अस्तर दुखावतं आणि तिथं पोटातल्या एका जंतूचं फावतं.

मी घरी आले आणि आमचीच चटणी वजनाला लावली. कांदा-लसूण चटणी वर्षभर टिकावी म्हणून आम्ही किलो मिरचीला पावशेराच्या वर जाडं मीठ घालतो. मुलगा भाकरीवर जेवढी चटणी घेतो तेवढी वाटीत काढून बघितली, त्यात मिठाचा वाटा किती ते काढलं. वर भाजीत मीठ, आमटीत मीठ, ताटाच्या डाव्या बाजूला लोणचं. तिखटाबद्दल लोकांनी मला आयुष्यभर टोकलं, मिठाबद्दल एकानं कधी विचारलं नव्हतं. आता दुकानात कमी मिठाची चटणीही कुटून देते. ती फ्रिजमध्ये ठेवावी लागते हे गिऱ्हाइकाला आधीच सांगते.

जंतूची गोष्ट बाईंनी फार रंगवून सांगितली. जठरात एवढं आम्ल असताना तिथं जंतू जगूच शकत नाही, असं डॉक्टर लोक मानायचे. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोघांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी शोधून काढला. कुणी विश्वास ठेवेना म्हणून 1984 मध्ये मार्शल यांनी तो जंतू घातलेलं द्रव स्वतः पिऊन टाकलं आणि पोटाला सूज आणून दाखवली. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं हा जंतू कॅन्सरला कारण ठरतो म्हणून नोंदवला, आणि 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आपल्याकडे हा जंतू खूप जणांच्या पोटात असतो. बहुतेक वेळा लहानपणीच, घरातल्या घरात लागतो. सगळ्यांना कॅन्सर होत नाही, फार थोड्यांना होतो. ते थोडे कोण, हे ओळखायला हा खटाटोप.

चार दिवसांनी आशाताई आणि नर्सिंगची एक मुलगी दुकानात आल्या. मी डंक बंद केले. पत्रक दोन पानी, मराठीत. वय 54. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं यांपैकी कुणाला पोटाचा कॅन्सर? वडील. मुलीनं पेन थांबवलं आणि विचारलं, "त्यांचं वय काय होतं काकू, कळलं तेव्हा?" सख्ख्या नात्यात असला की जोखीम साधारण दोन-तीन पट होते, असं तिनं सांगितलं. बिडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री, दारू. लोणचं-खारवलेलं आठवड्यातून किती वेळा. पूर्वी अल्सर, पोटाचं ऑपरेशन, रक्त कमी असणं. ॲसिडिटीची गोळी किती वर्षं, कुणी लिहून दिली. या प्रश्नाला मला खरं उत्तर द्यायला वेळ लागला. नऊ वर्षं, आणि लिहून कुणीच दिली नव्हती.

मग आम्ही आक्काकडे गेलो. आक्का माझी थोरली बहीण, वय 61, त्याच गल्लीत लेक-सुनेबरोबर राहते. वडिलांचा प्रश्न झाला, वयाचा झाला. मुलीनं विचारलं, "आजी, तंबाखू, मिश्री?"

आक्का पटकन म्हणाली, "न्हाई बाई. मी कुटली लावतोय!"

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मुलीनं "नाही" वर खूण केली. मला माहीत होतं की आक्का लग्न होऊन आली तेव्हापासून मिश्री लावते. पत्र्याची छोटी डबी असते, ती देव्हाऱ्याच्या मागं, कापूस ठेवतात तिथं असते. मी तिथं काही बोलले नाही. तिच्या सुनेसमोर, परक्या पोरीसमोर तिला खोटं पाडायला माझी जीभ रेटली नाही. पण रात्रभर झोप लागली नाही. माणूस बघून नळी ठरवायची, आणि माणसानंच आपल्याबद्दल खोटं सांगितलं तर सगळं पुढचं गणित चुकतं.

माझ्या पत्रकावर जास्त जोखीम असा शिक्का पडला. आक्काच्या पत्रकावर मध्यम. आमच्या शेजारच्या वहिनी 42 वर्षांच्या, त्यांचं सगळं साफ निघालं. त्या नाराज झाल्या, मलाही दुर्बीण करा म्हणून मागं लागल्या. डॉक्टरबाईंनी त्यांना बसवून समजावलं की उगाच घातलेल्या नळीचाही त्रास असतो, तुकडा काढला तर क्वचित रक्त येतं, आणि नको ते शोधत बसलं की घोर वाढतो. पण कमी जोखीम म्हणजे पास नव्हे. वजन आपोआप उतरलं, शी डांबरासारखी काळी झाली, गिळताना अडकलं, उलट्या थांबेनात, रक्त कमी निघालं किंवा दोन घासांत पोट भरायला लागलं, तर पत्रकाची वाट न बघता यायचं. ती यादी ऐकताना मला आबांचा पट्टा दिसत होता.

रक्त द्यायच्या आधी दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी बंद करायची होती, नाहीतर तपासण्या फसतात. ते दोन आठवडे मला फार जड गेले. इतकी वर्षं गोळीनं दाबून ठेवलेलं आम्ल उसळून येतं, हे बाईंनी आधी सांगितलं होतं म्हणून निभावलं. रात्री उशीला उशी लावून बसून झोपायचे. जळजळीला एक पातळ औषध चालत होतं, तेवढ्यावर काढलं.

रक्तात पेप्सिनोजेन नावाची दोन द्रव्यं मोजली, एक आणि दोन. जठराचं अस्तर झिजलं की पहिलं कमी होतं आणि दोन्हींमधलं प्रमाण घसरतं. माझं घसरलेलं होतं. जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यंही सापडली, पण जंतू आत्ता पोटात आहे की पूर्वी येऊन गेला हे रक्तावरून सांगता येत नाही. त्यासाठी दुर्बीण.

दुर्बिणीच्या आदल्या रात्री आठनंतर काही खाल्लं नव्हतं. सकाळी फेस मोडायला एक पांढुरकं औषध प्यायला दिलं. घशात फवारा मारला, कडू, आणि दोन मिनिटांत जीभ दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी जाड झाली. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत प्लास्टिकची कडी दिली. नळी घशातून जाताना उमाळे आले, डोळ्यांतून पाणी आलं. सिस्टर सारखी म्हणत होती, "नाकानं श्वास घ्या मावशी, लाळ सांडू दे, गिळू नका." माझा हात तिनं सोडला नाही. सगळं मिळून दहा मिनिटंही झाली नसतील. पडदा माझ्या समोरच होता. गुलाबी, ओलं, घड्याघड्यांचं अस्तर, आणि खालच्या बाजूला काही जागी ते फिकट पडलेलं, आतल्या बारीक शिरा दिसाव्यात इतकं पातळ. जठराच्या वेगवेगळ्या भागांतून पाच बारीक तुकडे घेतले. तुकडा काढताना दुखत नाही. दोन बाटल्यांत ते घातले आणि आणखी एक कण एका पिवळ्या जेलच्या चकतीत टोचला.

मी बाकावर पडून होते. घसा बधिर आहे तोवर पाणीसुद्धा प्यायचं नव्हतं. थोड्या वेळानं तंत्रज्ञ मुलगा ती चकती घेऊन आला. पिवळ्या जेलमध्ये त्या कणाभोवती गुलाबी पसरत चालला होता, आणि बघता बघता गडद झाला. मी ते ओळखलं. हळदीत चुना पडला की कुंकवाचा रंग येतो, तसंच. मी त्याला तसं म्हणाले, तर तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "बरोबर मावशी, अगदी तेच. चुना अल्कली असतो, हळद त्यानं लाल होते. हा जंतू युरिया फोडून अमोनिया करतो, तोही अल्कली. त्या अमोनियाचं पांघरूण घेऊनच तो आम्लात जगतो." जन्मभर हळद हाताळली, पण तिच्यासारखंच काहीतरी माझ्या पोटातलं गुपित सांगेल असं कधी वाटलं नव्हतं.

दहा दिवसांनी तुकड्यांचा अहवाल आला. डॉक्टरबाईंनी कागदावर जिना काढला. पेलायो कोरेआ या शास्त्रज्ञानं मांडलेला तो जिना. पहिली पायरी जंतूची सूज, दुसरी अस्तर झिजणं, तिसरी जठराच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी उगवणं, चौथी पेशींचा आकार बिघडणं, आणि वर कॅन्सर. चढायला कित्येक वर्षं लागतात, आणि बहुतेक माणसं वरपर्यंत जातच नाहीत. मी तिसऱ्या पायरीवर होते. कॅन्सर नव्हता, चौथी पायरीही नव्हती. मी तो कागद मागून घेतला. आबा कधीतरी याच पायरीवर उभे असतील, तेव्हा ते फाउंड्रीत वाळूचे साचे ठोकत असतील आणि घरी येऊन सोडा पीत असतील. त्या वर्षांत त्यांना गाठता आलं असतं, हा विचार मला अजून सोडत नाही.

औषध चौदा दिवसांचं, चार प्रकारचं. ऐन मार्चमध्ये, दुकानात बायकांची रीघ लागलेली. तोंडाला दिवसभर लोखंड चाटल्यासारखी चव. त्यातल्या टेट्रासायक्लिनच्या आगेमागे दूध चालत नाही, म्हणून सकाळचा चहा कोरा आणि रात्रीचं दूध बंद. एक गोळी चुकवायची नाही, अर्ध्यात सोडलं तर जंतू औषधाला निर्ढावतो. मुलानं डब्याच्या झाकणावर चौदा रकाने आखून दिले.

चौथ्या दिवशी सकाळी शी काळी झाली. मी संडासातून बाहेर आले आणि मोरीतच खाली बसले. बाईंनी सांगितलं होतं की औषधातल्या बिस्मथमुळे शी आणि जीभ काळी होते, घाबरू नका. कागदावर लिहूनही दिलं होतं. तरी पाय लटपटले. फोन केला. बाईंनी घाई केली नाही. डांबरासारखी चिकट आहे का, फार घाण वास आहे का, चक्कर येते का, एकेक विचारलं. नव्हतं. मग आरशात जीभ बघितली, तीही काळी. तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. आबांनी अशीच काळी शी बघितली असेल आणि सांगायला घरात कुणाला हाक मारली नसेल.

औषध संपल्यावर चार आठवडे थांबून शीची तपासणी केली. जंतू गेला होता. झिजलेलं अस्तर पहिल्यासारखं होईलच असं नाही, म्हणून तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण. घरच्यांचीही तपासणी झाली. मालकांच्या पोटात जंतू निघाला, त्यांनीही चौदा दिवस काढले. मुलगा अजून तिशीतला, त्याचं नाव आजोबांच्या नोंदीसह वहीत लिहून ठेवलं आहे.

राहिली आक्का. माझा अहवाल घेऊन मी दुपारी तिच्याकडे गेले, सून कामावर असताना. जिना दाखवला. म्हटलं, "आक्का, पत्रकात मिश्री न्हाई म्हणून सांगितलंस."

ती चिडली. "तुला काय करायचंय? म्हातारपणी सुनंपुढं अब्रू घालवू काय?"

मी म्हटलं, "आबांनी पण अब्रूच राखली. शी काळी हुतीय म्हणून कुणाला बोलले न्हाईत."

ती काही बोलली नाही. मी परत आले. आठ दिवस ती माझ्या दुकानाकडं फिरकली नाही. मला वाटलं, मी जास्त बोलले.

नवव्या दिवशी आशाताई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या आक्का स्वतः आल्या होत्या. म्हणाल्या, माझं पान काढा, खाडाखोड करायची हाय." पत्रक पुन्हा भरलं, शिक्का बदलला. रक्त झालं, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात दुर्बिणीची तारीख मिळाली.

त्या सकाळी सून रजा काढून आली होती. आत नेण्याआधी सिस्टरनं शेवटचं विचारून घेतलं, कुठलं औषध चालू, कशाची ॲलर्जी, तंबाखू-मिश्री काही? आक्कानं सुनेकडे बघितलं. मग कमरेची पिशवी सोडली, पत्र्याची डबी काढून सुनेच्या हातात दिली आणि सिस्टरला म्हणाली, "लिव्ह. चव्वेचाळीस वरसं."